मधल्या दहा

“पाचशे अठ्ठ्याण्णव... पाचशे नव्व्याण्णव... सहाशे!”

इथं गणपतराव वस्तादांचा आवाज बसला तो बसलाच. सहाशे आकडे ओरडून घशाचं पार भुसकट झालं होतं. गोविंदाच्या मांड्यांचंही तेच झालं होतं, पण लाल मातीच्या हौद्यात तो अजून उठबस करतच होता.

लढाईला वर्ष झालं होतं. तिच्यात पडलेल्या जवानांच्या नावानं आखाड्यातल्या प्रत्येकानं सकाळी शंभर-शंभर बैठका मारल्या, गूळ-फुटाणे खाल्ले आणि सारे भिंतीला टेकून बसले. गोविंदानं मात्र हजार बोलून ठेवल्या होत्या. एकट्या कवडूच्या नावानं. हिंगण्याच्या कारखान्यात लागल्यापासून त्याचा सराव गेला होता आणि पोट आलं होतं. तरी हजार म्हणजे हजार, एकही कमी नाही.

त्याला कारण होतं. कवडू हा आखाड्यातला पक्का कामचोर आणि सगळ्यांचा लाडका. त्याच्या मोजणीत चाळिशी नावाची भानगडच नव्हती. एकोणचाळीस झाले की एकदम पन्नास! दोन वर्षांपूर्वीच्या नागपंचमीला त्यानं अशाच हजार बैठका मारल्या, गळ्यात हार पडला आणि हा गोविंदा उभा राहून म्हणाला, “वस्ताद, शंभर कमी हायेत. चाळिशी गाळते हा.”

हार उतरला. सगळे पोट धरून हसले, कवडूही हसला. पण आठव्या दिवशी तो कामठीला गेला आणि फौजेत भरती झाला. मग लढाई लागली. तो आला नाही, तार आली. आपण तोंड उघडलं नसतं तर कवडू आज त्या भिंतीला टेकून फुटाणे खात असता, हे वर्षभर गोविंदाच्या डोक्यातून जात नव्हतं. माफी मागायला माणूस उरला नव्हता, म्हणून त्यानं ती मांड्यांनी मागायचं ठरवलं होतं.

“आता मोजते कोन?” वस्तादांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“मले येते मोजता.”

कवडूची आई तुळसाबाई सकाळपासून बाकावर बसून होती. ती उठली, पदर खोचला आणि हौद्याच्या काठावर येऊन उभी राहिली. आवाज असा ठणठणीत, की भिंतीला टेकलेले दोघेतिघे ताठ बसले.

“सहाशे अडतीस... सहाशे एकोणचाळीस... सहाशे पन्नास!”

कुणीतरी फिसकन हसलं. म्हातारी चुकली, असं गोविंदाला वाटलं. मोजायची सवय नाही बिचारीला. तो दहा बैठका जास्तीच्या मारून मोकळा झाला. तोवर तुळसाबाई कमरेवर हात ठेवून आढ्याकडे बघत राहिली.

सातशेला गुडघे लटलटू लागले. सातशे तिसाला वस्ताद, भिंत, मारुतीची तसबीर, सगळंच हलू लागलं. आता खाली गेलो की वर येत नाही, अशी त्याची खात्री झाली. कवडूच्या हजारात पुन्हा कमी पडणार आणि या वेळीही आपल्याचमुळं, या विचारानं त्याला रडू यायचंच बाकी होतं.

“सातशे एकोणचाळीस... सातशे पन्नास!”

आता मात्र वस्तादांनीही उपरण्यात तोंड लपवलं. गोविंदा गुडघे धरून कसाबसा उभा राहिला.

“मावशी, मधल्या दहा राहिल्या ना वं!”

“राहिल्या कायले? त्या कवडूनं मारल्या.” तुळसाबाई जराही हसली नाही. “घरी मीच मोजत होती त्याच्या. चाळीस आलं का म्हने, ‘माय, ह्या दहा गोविंदा मारन, त्याले लय हौस हाये.’ आजच्या कवडूले मारू दे. तू काहून थांबून राहिला गा? चाल, सातशे एकावन्न!”

गोविंदाच्या तोंडून आधी हुंदका निघाला की हसू, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. पण मग जे हसू सुटलं ते आवरेना. वर्षभरात तो असा हसला नव्हता. हसत हसत बैठका मारणं म्हणजे काय हाल असतात, ते ज्यानं मारल्या त्यालाच माहीत. खाली जाताना तो हसत होता, वर येताना डोळे पुसत होता, आणि पाय कुणी दुसऱ्याचे असावेत तसे आपले उठत-बसत होते.

आठशे पंचवीस. आठशे तीस. भिंतीला टेकलेले सगळे उठून हौद्याभोवती गोळा झाले. वस्ताद बसक्या घशानं ओरडू लागले. आठशे सदतीस. आठशे अडतीस. आठशे एकोणचाळीस.

तुळसाबाईनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी गोविंदाच छाती फुगवून ओरडला, “आठशे पन्नास!”