पिशवीबरोबर काय गेलं

छातीवर हात दाबत गावच्या दवाखान्यात आलेल्या सत्यभामेला कंपाउंडरनं पित्ताची गोळी दिली. अडतिशीतल्या ऊसतोड बाईला हृदयाचा त्रास कुठून होणार?

डॉक्टरीणबाईंना तिचा घाम बरा दिसेना. “पाळी येते का?”

“गर्भाची पिशवी काढून सहा वर्षं झाली,” सोबतची धाकटी जाऊ मुक्ता म्हणाली. “अंडाशयंबी तवाच काढली.”

डॉक्टरांनी घाईनं ईसीजी काढला आणि हृदयविकाराचा झटका दिसताच सत्यभामेला घेऊन स्वतःच ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या. शहरातल्या रुग्णालयात हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी वेळेत उघडली. ती वाचली.

“पिशवीचा अन् काळजाचा काय संबंध?” मुक्तानं विचारलं.

“अंडाशयात इस्ट्रोजेन बनतं. ते रक्तवाहिन्यांना जपतं. हिचं बत्तिसाव्या वर्षीच थांबलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मुक्तानं फोन काढला.

“पाळीपायी ऊसतोडीत खाडा नको म्हणून टोळीच्या मुकादमानं सोमवारी माझंबी पिशवीचं ऑपरेशन ठरवलंय. जाणार न्हाई म्हणून सांगते त्याला.”