बिनसहीचा कागद

तिरंगी झेंड्याची दोरी तिघांनी मिळून ओढली होती. तिघांना एकाच वेळी धरलं, एकाच दिवशी कोर्टापुढे उभं केलं. मग दोघांना आठ वर्षं आणि आपल्या मुलाला, सत्यवानाला, बारा का, एवढंच हौसाबाईला विचारायचं होतं. त्यासाठी ती भर दुपारी बाबलीच्या होडीतून, पोर्तुगीज शिपायांची नजर चुकवून, तेरेखोलची खाडी ओलांडून भारताच्या हद्दीतल्या आरोंद्याला आली होती. ओटीवर टेकताच तिनं कमरेला खोचलेला निकालाचा कागद काढला आणि भाई वकिलांपुढे ठेवला.

भाई मूळचे पलीकडचेच, तिच्या पालये गावचे. पेडण्याच्या कोर्टात त्यांनी वीस वर्षं पोर्तुगीज भाषेत वकिली केली होती. चोपन्न साली त्यांच्या नावानं वॉरंट निघालं आणि ते रातोरात या काठावर आले. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

भाईंनी कागद लगेच उचलला नाही. खटला कसा चालला ते आधी सांगा, म्हणाले.

हौसाबाईनं पाहिलं होतं तेवढं सांगितलं. पणजीच्या त्या खोलीत टेबलामागे तिघे बसले होते. तिघांच्या अंगावर लष्कराचे कपडे. गुन्हा वाचून दाखवणाऱ्याच्या अंगावर तेच कपडे, आणि सत्यवानाच्या बाजूनं उभा राहिला तोही कप्तानच. भाईंनी लिहून दिलेला कागद तिनं त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या कप्तानाच्या हातात दिला होता.

कागद म्हणजे अठरा पानं होती. भाईंनी त्यावर तीन आठवडे घालवले होते. सत्यवानासारख्या शाळामास्तरावर लष्करी कोर्टात खटला चालवता येत नाही, हे त्यांनी पोर्तुगिजांच्याच कायद्यातली कलमं देऊन मांडलं होतं. शेवटच्या दोन पानांत लिहिलं होतं की, असं कोर्ट शिक्षा देऊ शकतं, न्याय देऊ शकत नाही. ती दोन पानं त्यांना स्वतःलाच इतकी आवडली होती की पाठवण्याआधी त्यांनी ती मोठ्यानं वाचून काढली होती.

कप्तान किती वेळ बोलला, असं त्यांनी विचारलं.

उठला, एक वाक्य बोलला आणि बसला, असं हौसाबाई म्हणाली. ते वाक्य भाईंना तिथं नसतानाही ठाऊक होतं. ‘मी न्याय मागतो.’ त्या कोर्टातून सुटून आलेल्या, न सुटलेल्या सगळ्यांच्या घरच्यांकडून त्यांनी ते ऐकलं होतं. बचावाचं भाषण तेवढंच असे.

मग कप्तानानं ती अठरा पानं मधल्या साहेबापुढे सरकवली. साहेबानं पुढची पानं नुसती उलटली, शेवटची वाचली. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. त्यानं दुभाष्याला विचारायला लावलं, हे कोणी लिहिलं? खाली सही का नाही? सत्यवान पुढे झाला आणि म्हणाला, मी लिहिलं.

“तो असो कशाक बोललो, भाई?”

भाईंनी आता निकाल वाचायला घेतला. झेंड्यासाठी आठ वर्षं. त्याखाली वेगळा परिच्छेद होता. कोर्टाची आणि सैन्याची बदनामी करणारं लिखाण केल्याबद्दल चार. त्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. ते आयुष्यात पुष्कळ खटले हरले होते आणि दर वेळी अशिलाला सांगायला त्यांच्याकडे काहीतरी असे.

“चार वर्षां माझ्या कागदाची, हौसाबाय.”

ती रडली नाही. ते कुठं लिहिलंय, असं तिनं विचारलं. भाईंनी ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी बोट काढल्यावर तिनं त्याच जागी आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं. मग वर कुठं दाद मागता येईल का, म्हणून विचारलं.

“येता,” भाई म्हणाले. “पण वरय तेच कपडे.”

हौसाबाईनं मग दुसरंच विचारलं.

“तुमी सही केली आसती, तर हय येवन तुमका धरल्यानी आसता?”

“नाय.”

“मगे?”

फरारी माणसाची सही बघून खटला बिघडेल, असं भाईंनी तिला तेव्हा सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण सही केली असती, तर पालयेतलं वडिलांचं घर आणि माडांची बाग सरकारजमा झाली असती, हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. स्वतःशीही कधी स्पष्ट बोलले नव्हते. आता ते त्यांनी सांगितलं, मान खाली घालून, तीनचार शब्दांत.

हौसाबाईनं ऐकून घेतलं. निकालाची घडी घालून पुन्हा कमरेला खोचली. ओहोटी लागली होती. पाणी फार उतरलं तर होडी चिखलात बसेल, म्हणून धक्क्यावरून बाबली हाका मारत होता. ती उठली, पायऱ्यांपर्यंत गेली आणि तिथं थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. गावाकडची एखादी खबर सांगावी तसं ती म्हणाली,

“तुमच्या घराची कौला मिया मिरगाआदी परतून घेतलंय. सत्यवानान तुरुंगातसून सांगून धाडलेल्यान. आता गळाचा नाय.”