कॅसेटवर नसलेलं

उमाकांतरावांचं पार्श्वसंगीत सिनेमातून काढून टाकलं, त्याला तीस वर्षं झाली. सारंगी बेसूर लागलीय म्हणणाऱ्या दिग्दर्शकालाच सुरांचा गंध नव्हता, हे जयपूरला लेकीकडे आल्यावर त्यांनी खरखरती कॅसेट ऐकवून शेजारच्या शर्माजींनाही पटवलं होतं. भार्गवीने मुंबईच्या स्टुडिओतून मूळ टेप मिळवली, उत्तम दर्जात कॉम्प्युटरवर घेतली आणि रविवारी हेडफोन वडिलांच्या कानांवर चढवला. कॅसेटवर कधीच नसलेलं बोलणं आधी ऐकू आलं. सारंगीवादक विचारत होता, “मास्टरजी, तार एक बार फिर मिला लूँ?” पाठोपाठ उमाकांतरावांचाच तरुण आवाज, “रहने दो, चलेगा.” मग सारंगी लख्ख वाजली, सुरापेक्षा केसभर खाली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. “बाबा, नेटवर टाकतेय सगळ्यांसाठी. सुरुवातीचं बोलणं कापू ना?” भार्गवीने विचारलं. “काही कापू नकोस,” हेडफोन काढत ते म्हणाले, “आणि पहिल्यांदा शर्माजींना पाठव.”