अंगठ्याखालची ओळ

देवीदासनं कागद टेबलावर ठेवला, पण हातातून सोडला नाही. पंख्याचा वारा आहे म्हणून धरलाय, असा चेहरा करून तो बसला होता. अंगठा मात्र नेमका खालून तिसऱ्या ओळीवर.

"सही कर धोंडबा. बँकेनं माफ केलं तुयं कर्ज. झंझट मिटली."

धोंडबा चष्मा शोधायला लागला. नंदिनी नगरच्या खाणीत दोघांनी बावीस वर्षं सोबत काढली होती आणि तेवढ्या काळात देवीदासला एकदाही धड खोटं बोलता आलं नव्हतं. आता सदुसष्टाव्या वर्षी तो शिकायला निघाला होता.

शेजारी बसलेल्या रोशनीनं, देवीदासच्या मुलीनं, मान खाली घातली. तिला फिजिओथेरपीचा दवाखाना टाकायचा होता. नेहरू नगरात गाळा बघून बयाणाही दिला होता. कर्जाच्या अर्जात वडील सोबत हवे होते, आणि वडिलांचा सिबिल स्कोर निघाला पाचशे बावीस; एवढ्या पतीवर बँक कर्ज देईना. खाणीत तेव्हा रीतच होती. पाळी सुटली की हेल्मेटवर कागद टेकवायचा आणि एकमेकांना जामीन राहायचं. कागद वाचायचा नाही. वाचला म्हणजे भरवसा नाही, असं व्हायचं. देवीदासनं धोंडबासाठी अशीच न वाचता सही केली होती. पुढे धोंडबाचे हप्ते थकले आणि डाग देवीदासच्याही नावाला लागला.

थकलेले एक्केचाळीस हजार सहाशे देवीदासनं गेल्या आठवड्यात गुपचूप भरले. आता खातं बंद करायला मूळ कर्जदाराची सही लागत होती. ती मिळाली नाही तर बयाणा बुडणार, गाळाही जाणार.

"पप्पा, सच बता दो ना काकांना," रोशनी बसमध्ये म्हणाली होती.

"काई सांगू नोको. लाजेनं मरून जाईन तो."

हप्ते थकल्यापासून, अकरा वर्षं, देवीदास धोंडबाच्या या घरी आला नव्हता. आपण नुसते दारात दिसलो तरी धोंडबाला वाटेल, पैसे मागायला आला. असा हा शहाणा माणूस.

धोंडबाच्या पत्नी रुक्माबाई गरम भजी घेऊन आल्या. ते कर्ज त्यांच्याच ऑपरेशनसाठी काढलेलं होतं. त्यांना चालताबोलताना बघून देवीदास एवढा खूश झाला की कागद धरलाय हे विसरता विसरता राहिला.

"वहिनी, तब्येत तं एकदम टकाटक हाय तुमची!"

"तुमी फिरकलेच नाई भाऊजी. तुमाले कसं मालूम पडन?"

तोवर धोंडबानं चष्मा लावला होता. तो एकेक ओळ वाचत खाली आला आणि अंगठ्यापाशी थांबला. मग त्यानं देवीदासचा अंगठा दोन बोटांत धरून हळूच उचलला आणि बाजूला ठेवला.

'जामीनदाराकडून जमा : रु. ४१,६००.'

देवीदासनं एक भजं तोंडात टाकलं, पण चावलं नाही.

धोंडबानं सही केली. पूर्ण नावाची, सावकाश. कागद रोशनीच्या हातात दिला. "घे बेटा. सांभाळून ठेवजो." मग भिंतीला धरून उठला, आत गेला आणि शंभराची नोट घेऊन आला. ती त्यानं देवीदाससमोर ठेवली.

"हा पयला हप्ता. दर रविवारी शंभर. पेन्शनीत तेवढंच बसते."

"पागल झाला का बे? मले नाई पायजे."

"आन मी आणून देनार नाई. गुडघे गेले माये. तुलेच या लागन घ्याले."

रोशनीनं मनात हिशोब केला. चारशे सोळा रविवार. म्हणजे आठ वर्षं. काका सत्तरीचे, पप्पा काही फार मागे नाहीत. 'राहू द्या ना काका' म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण पप्पांनी नोटेची घडी घालून ती खिशात टाकली होती.

"सकाळीच येऊ," देवीदासनं विचारलं, "का जेवाच्या टायमाले?"