काढून घेतलेली डिस्क

"ह्यात डिस्कच नाही."

पेडण्याच्या बाजारातल्या आपल्या दुकानात परेशनं लॅपटॉपचं मागचं झाकण काढून गौरवीसमोर धरलं. डिस्कची जागा रिकामी होती.

"बिघडलेला नाही हा. कोणीतरी डिस्क काढून घेतलीय," परेश म्हणाला.

कोणीतरी कशाला, नवऱ्यानंच! प्रशांतनं जिन्यावरून ढकलल्यावर ती डिचोलीचं सासर सोडून नेसत्या कपड्यांनिशी चोपड्याला माहेरी आली होती. उजवा हात अजून गळ्यात बांधलेला होता. आणि काल त्याच प्रशांतनं तिचं सामान टेंपोतून पाठवून दिलं. कपड्यांची बॅग आणि वर हा लॅपटॉप. एवढा चांगुलपणा बघून तेव्हाच शंका यायला हवी होती.

फोटो गेले तर जाऊ देत. पण डिस्कवर सेजलचं रेकॉर्डिंग होतं. सेजल तिची धाकटी जाऊ. प्रशांतनं गौरवीला ढकललं ते एकट्या सेजलनं बघितलं होतं, आणि गौरवीनं घर सोडायच्या आधी सेजलनं धीर करून वकिलासाठी ते लॅपटॉपवर बोलून ठेवलं होतं. ती बिचारी अजून त्याच घरात नांदत होती. प्रशांतनं ते ऐकलं तर पोरीची धडगत नव्हती.

"माझा पासवर्ड होता ना पण!" गौरवी म्हणाली.

"तो मशीनचा. डिस्क काढून दुसऱ्या कंप्युटरला जोडली की त्याला विचारतो कोण?"

शेजारी बसलेले तिचे वडील गोकुळदास ताडकन उठले. "शिरा पडली त्या मेल्याच्या तोंडार!"

"थांबा हो काका." परेशनं लॅपटॉप उलटा करून मॉडेल वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला. "घाबरू नका. हा एन्क्रिप्शनवाला आहे. ह्यात डिस्कवरचं सगळं आपोआप कुलूपबंद होतं. कुठंही नेऊन जोडा, आकड्यांची लांबलचक किल्ली मागणार. ती नसली तर त्याच्या बापालाही उघडायची नाही."

गौरवीचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी ती हसली. "आणि ती किल्ली असते कुठं?"

"ज्याच्या ईमेलवरून लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला, त्याच्या खात्यात. म्हणजे तुमच्याचकडे."

"मग काय तर!" गोकुळदासही हुशारले. "लॅपटॉप आम्हीच दिलेला रे. पहिल्या चवथीला लेकीच्या सासरी भेटीचं व्हजें नेलं, त्यातच घातला होता. नेवऱ्या, लाडू, फळांच्या टोपल्या आणि वर हा! अख्खा वाडा बघायला लोटला. व्हजें सासरच्यांनीच उघडायचं असतं, तर जावयानं गणपतीपुढं नारळ ठेवून आपल्या हातानं..."

गौरवी त्यांच्याकडे बघतच राहिली होती. सगळ्यांच्या देखत लॅपटॉप प्रशांतनं चालू केला होता. ईमेल विचारल्यावर त्यानं आपलाच घातला होता. तिनं आपलं नाव आणि पासवर्ड मागाहून जोडला, आणि तेवढ्यावर ती इतकी वर्षं निर्धास्त राहिली होती. किल्ली पहिल्या दिवसापासून त्याच्याचकडे होती.

"बाबा, सेजल!" ती किंचाळली.

डाव्या हातानं तिनं कसाबसा फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग एकदाचा उचलला गेला.

"सेजल, आत्ताच्या आत्ता घरातून नीघ. काही घेऊ नकोस, नुसती नीघ गो!"

"वैनी, भावजींनी तुला ढकललं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं," पलीकडून सेजल म्हणाली. "कोर्टात विचारलं तरी मी हेच सांगीन."

हे सेजल आत्ता बोलत नव्हती, तिचं रेकॉर्डिंग वाजत होतं. फोन प्रशांतच्या हातात होता.