अर्ज कोणी लिहिला?

प्राचार्यांनी टेबलावरून अर्ज पुढे सरकवला. 'आमच्या लेखन-मार्गदर्शक सरांचं पद रद्द करू नका,' अशी सदतीस विद्यार्थ्यांची विनंती आणि खाली सह्या. मार्गदर्शकांनी तो उभ्याउभ्याच वाचायला घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदाला खुर्ची ओढून बसले. कुठे फुगवटा नाही, रडगाणं नाही. एका मुद्द्यातून दुसरा मुद्दा निघत गेलेला. चार ओळी लिहायच्या म्हटलं की ज्यांना घाम फुटायचा, ती ही मुलं! मार्गदर्शकांचे डोळे भरून आले.

"सापडलात, सर," प्राचार्य म्हणाले.

"म्हणजे?"

"अहो, आपली पोरं मी वीस वर्षं बघतोय. रजेच्या अर्जात स्वतःचं नाव लिहायला विसरतात. हे त्यांच्या हातून होणं नाही. नोकरी वाचवायला अर्ज आपणच लिहायचा आणि सह्या पोरांच्या घ्यायच्या? शोभतं का हे?"

मार्गदर्शकांनी अर्ज टेबलावर ठेवला. "सर, शपथेवर सांगतो, मी हा आत्ताच पाहतोय. मी मुलांना नुसते प्रश्न विचारतो. मोठ्याने वाच म्हणतो. आपली चूक त्यांची त्यांना कळेपर्यंत गप्प बसून राहतो. अकरा वर्षांत एकाही मुलाच्या कागदाला मी पेन लावलेलं नाही!"

प्राचार्यांनी अर्ज पुन्हा स्वतःकडे ओढला.

"अकरा वर्षं?" ते म्हणाले. "मग पगार कसला घेत होतात?"