पुसलेल्या खुणा

त्या रानात आता एकच खवल्या मांजर उरलं होतं. बाकीची चोरांनी नेली होती. नऊ दिवस शोधल्यावर, हिवाळ्यातल्या एका दुपारी, म्हाताऱ्या जबांग्वेने त्याचा माग काढला. ते बघायला आलेल्या पाहुण्या बाईने पालथं पडून फोटो काढले आणि डोळे पुसत ती जीपमध्ये जाऊन बसली.

चोरांना त्याचं बीळ सापडू नये म्हणून जबांग्वे नेहमीसारखा उलटा चालत निघाला. मोपानेच्या झाडाच्या डहाळीने वाळूवरच्या खुणा झाडायच्या आणि वर हत्तीची वाळलेली लीद कुस्करून टाकायची, ही त्याची स्वतःची रीत. जीप चालवणारा त्याचा भाचा फरिराय हसायला लागला.

"मामा, आजोबांनी असलंच एक खवल्या मांजर मुखियाला नजराणा म्हणून दिलं आणि गाय मिळवली. तुम्ही मात्र रान झाडत बसता! मामीला घर झाडायला कधी मदत केलीत का?"

"दात काय काढतोस? धर ही डहाळी. माझ्यामागे तुलाच हे करायचंय. दुसऱ्या कुणाला मी शिकवलेलं नाही."

फरिरायने डहाळी घेतली. चुकला तिथे मामाने हात धरून शिकवलं.

तिसऱ्या दिवशी जबांग्वे एकटाच तिकडे गेला. बीळ खणून रिकामं केलेलं होतं. चोराची पावलं शोधायला तो खाली वाकला.



वाळू डहाळीने स्वच्छ झाडलेली होती, आणि तिच्यावर हत्तीची वाळलेली लीद अगदी नीट कुस्करून टाकलेली होती.